पंचविसावा लाईट

१

मी उंचीला घाबरतो. लायटिंगचा धंदा करणाऱ्याला हे कबूल करायची लाज वाटायला हवी, पण माझी ती लाज पुंजाने चौदा वर्षं झाकून ठेवली. आमच्याकडे घोडा असतो. घोडा म्हणजे चाकं लावलेली उंच शिडी. ती स्टेजवर ढकलत न्यायची आणि वरच्या लोखंडी बारवर लाईट टांगायचे. पुंजा घोड्यावर आणि मी खाली, ही आमची वाटणी चौऱ्याण्णव सालापासूनची.

पुंजा हरसूलकडचा. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला शेठ म्हणायचा. नाशकात द्वारकेजवळच्या माझ्या दुकानात गाळ्याएवढीच जागा, पण तो बाहेरच्या लोकांना 'आमच्या शेठचं गोडाऊन' म्हणून सांगायचा.

वर वीस लाईट, खाली डिमरची वीस बटणं. कुठलं बटण कुठल्या लाईटचं, हे जुळवायला आमची एक पद्धत होती. मी एक बटण वर करायचो आणि ओरडायचो, "हात!" जो लाईट पेटला असेल त्याच्यासमोर पुंजा पंजा धरायचा. पंजाची सावली स्टेजवर पडली की मला कळायचं, याचा उजेड कुठून येतो आणि कुठपर्यंत जातो. मी "बस" म्हणेपर्यंत हात काढायचा नाही, हा नियम. हॅलोजनचा लाईट तो, समोर हात धरला की भाजतोच. कधी कधी मी कुणाशी तरी गप्पा मारत राहायचो आणि बस म्हणायचं विसरायचो. पुंजा हात काढायचा नाही. "अरे, मग ओरडायचं ना गाढवा!" असं वर मीच त्याला झापायचो. तो हसायचा आणि पंजा शर्टाला पुसायचा.

२००८च्या पावसाळ्यात मी चोवीस एलईडी लाईट घेतले. एका मुंबईच्या स्टुडिओने काढून टाकलेले, पण माल चांगला. एका केबलने सगळे एकमेकांना जोडायचे आणि केबल लॅपटॉपला. रंग, उजेड, सगळं माउसवर. जिलेटीनचे रंगीत कागद बदलायला नकोत, उन्हाळ्यासारखी धग नको, घोडा नको. एकदा टांगून द्यायला हॉलचा माणूस पुरायचा.

पुंजाला दुकानात बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, "गरज पडली की बोलावतो."

"बोलवा शेठ," तो म्हणाला. "फोन चालूच ठेवतो."

तो फोनही मीच दिलेला, कामाला बोलवायला बरा म्हणून. त्याने कप धुऊन पालथा घातला आणि गेला. दिवाळीपर्यंत काहीतरी काम काढून त्याला परत बोलवायचं, असं मी खरंच ठरवलं होतं. आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार म्हणा.

२

लॅपटॉपवरच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये 'शोध' नावाचं बटण आहे. ते दाबलं की केबलवरचे लाईट एकामागून एक हजेरी देतात. पडद्यावर यादी येते: लाईटचा नंबर, उजेड किती टक्के आणि आतलं तापमान किती. लाईट जास्त तापला तर कळावं म्हणून ते तापमान.

नोव्हेंबरात वाल्मीक आहेर यांच्या नाटकाचं काम होतं. वाल्मीक म्हणजे आमच्या नाशकातला हौशी दिग्दर्शक, दिवसा बँकेत कारकून, संध्याकाळी हुकूमशहा. स्पर्धेचं नाटक होतं. दुपारी बाराला हॉल रिकामा, खुर्च्यांवर कव्हरं, स्टेजवर हॉलचा इलेक्ट्रिशियन मंगळू डबा खात बसलेला. पुढच्या बारवर बारा लाईट, मागच्या बारवर बारा. मी शोध दाबला.

पंचवीस.

यादीत सगळ्यात खाली एक ओळ जास्तीची होती. नंबरच्या जागी काही नाही. बाकीच्या चोवीसांचं तापमान सव्वीस-सत्तावीस, कारण अजून कुणीच पेटलेलं नव्हतं. याचं सदतीस.

"मंगळू, किती टांगले रे?"

"चोवीस. मोजून टांगले भाऊ."

मी केबल काढली, लॅपटॉप बंद करून चालू केला, पुन्हा शोधलं. पंचवीस. जुना माल, स्टुडिओतली काहीतरी आठवण त्याच्या पोटात राहिली असेल, असं मी मनाशी म्हटलं. असं होतं. निदान होत असावं. मग म्हटलं बघू तरी, आणि त्या ओळीला पंचवीस नंबर देऊन उजेड वीस टक्क्यांवर नेला.

स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात पिवळा उजेड पडला. एलईडीचा पिवळा वेगळा असतो, लिंबू सरबतासारखा. हा तसा नव्हता. हा आमच्या जुन्या हॅलोजनचा होता, अंबर जिलेटीन लावलेला, कडा मऊ. गेल्या पावसाळ्यापासून तसा उजेड मी पाहिला नव्हता.

पुढच्या बारच्या डाव्या टोकाकडून तो येत होता. मी वर पाहिलं तर डोळे दिपले. उजेड शून्यावर आणून पाहिलं तर तिथे नुसता काळोख. हॉलचा घोडा शेजारीच उभा होता. चार पायऱ्या चढलो आणि तसाच उतरलो. हॉलचाच एखादा जुना लाईट राहिला असेल, असं म्हणून विषय संपवला. हॉलचा जुना लाईट माझ्या लॅपटॉपच्या यादीत कसा येईल, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

३

एलईडीत एक खोट होती. चेहरे आजारी दिसायचे. गाल निळसर, ओठ राखाडी. वाल्मीक त्यावरून रोज माझं डोकं खायचा. "दिनेश, माझी नटी जिवंत आहे रे. तिला जिवंत दाखव!"

नाटकात शेवटचा प्रवेश असा होता: घर सोडून गेलेल्या मुलाची आई डाव्या कोपऱ्यात दाराशी उभी राहते आणि चार मिनिटं एक शब्द बोलत नाही. तालमीत ती भूमिका करणारी सायली उभी राहिली आणि मी पंचवीस नंबर वर नेला. वाल्मीक खुर्चीतून उठलाच.

"हा! हाच! हा कुठे लपवला होतास?"

मीही बघत राहिलो. तिच्या चेहऱ्यावरची एक एक रेघ दिसत होती. बिनचेहऱ्याची बाई एकदम कुणाची तरी आई झाली. मला काय सांगायचंय तुम्हाला, धंद्यात इतकी वर्षं काढली, पण असा उजेड माझ्या हातून कधी पडला नव्हता.

उजेड वाढवला की यादीतलं तापमान वाढायचं. निम्म्यावर साडेअडतीस, पूर्णवर चाळीस. एलईडी साठपर्यंत सहज तापतात, तेव्हा चाळीस म्हणजे थंडच. मी निर्धास्त होतो.

मग तो लाईट मागेच लागला. नाशिक रोडच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला शोध दाबला, पंचवीस. गंगापूर रोडला एका लॉनवर रिसेप्शन होतं, तिथे दुपारी जोडणी करताना पुन्हा पंचवीस. त्या लॉनवर डावीकडे बार नव्हता, खांब नव्हता, वर नुसतं आभाळ. तरी नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर डावीकडून तो पिवळा उजेड पडला आणि फोटोग्राफर म्हणाला, "भाऊ, क्या लाईट है!"

त्या दिवसापासून मी वर बघायचं सोडलं. पंचवीस नंबर मात्र प्रत्येक कामाला वापरला. आता खोटं कशाला बोलू?

४

वत्सलाबाईंचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. वत्सलाबाई म्हणजे पुंजाची बायको. पुंजाच्याच फोनवरून बोलत होत्या.

"शेठ, ह्यांना बरं नाय. ताप येतो."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं. रगत तपासलं. मलेरिया नाय, टायफाइड नाय. दोन-तीन तास अंग नुसतं फणफणतं आन मंग आपोआप उतरतो. डाक्टर म्हणे एकशे चार हाय."

"रोज येतो?"

"रोज नाय. मागल्या आयतवारी आलता. मंग बुधवारी. परवाच्या दिशी तर लयच. तुमचं नाव काढत्यात सारखं. तुम्ही येऊन गेले आसते तर..."

"येतो," मी म्हटलं. "या आठवड्यात येतोच."

फोन ठेवला. वर्तमानपत्राच्या कडेला मी फॅरनहाइटचं सेल्सिअस करायला आकडा मांडला. एकशे चारातून बत्तीस गेले बहात्तर, त्याला पाचाने गुणून नवाने भागलं. चाळीस. बरोब्बर चाळीस. मागच्या रविवारी तालीम होती, बुधवारी कॉलेज, परवा लॉन.

जेवण गेलं नाही. मग मी स्वतःलाच शिव्या दिल्या. आठवड्यातले तीन दिवस काम असतं, तीन दिवस ताप येतो, जुळणारच की! ताप येणारी माणसं नाशिक जिल्ह्यात काय एकच आहेत?

माझी बायको सविता ताट उचलता उचलता म्हणाली, "जाऊन या ना एकदा. हरसूल काय अमेरिकेत आहे?"

"अगं, सीझन चाललाय."

"सीझन दरवर्षी असतो. त्या माणसाने तुमच्यासाठी हात भाजून घेतलेत."

"रविवारी स्पर्धेचा प्रयोग झाला की सोमवारी जातो."

ती ताट घेऊन आत गेली. तिने भांडी जोरात आपटली असती तरी बरं झालं असतं.

५

रविवारी साडेचारला प्रयोग. मी अकरालाच हॉलवर गेलो. मंगळू अजून आला नव्हता. शोध दाबला. पंचविसाव्या ओळीत सदतीस.

हे मी का केलं, ते मला नीट सांगता येत नाही. शंका फिटावी म्हणून केलं, असं म्हणतो झालं. मी पुंजाच्या नंबरवर फोन लावला. वत्सलाबाईंनी उचलला.

"कसा आहे?"

"आज बरं हाय शेठ. भाकर खाल्ली थोडी. देऊ का त्यांना?"

"नको, झोपू द्या. जरा... जरा तुम्ही त्याच्या कपाळाला हात लावून ठेवा. सांगतो तसं करा."

त्यांना काय वाटलं असेल देव जाणे. मोठा माणूस सांगतोय म्हणून त्यांनी ऐकलं. मी माउसने उजेड पन्नासवर नेला. समोर स्टेजवर पिवळा उजेड पडला. पडद्यावर अडतीस. साडेअडतीस. मी घड्याळ बघत राहिलो. पलीकडून कोंबडी ओरडल्याचा आवाज येत होता.

"शेठ," वत्सलाबाई म्हणाल्या, "थंडी वाजती म्हणत्यात. अंग तापाया लागलं वो."

मी उजेड शून्यावर आणला. फोन कानाला तसाच धरून ठेवला.

पाच-सात मिनिटं गेली. "आता?"

"आता घाम सुटला. उतरला वाटतं." मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमी तिकडं काय मंतर म्हणताय का शेठ? म्हणत आसाल तर ऱ्हाऊ द्या चालू."

मी फोन बंद केला. नंतर हॉलच्या मागच्या रांगेत बसून राहिलो. एकदा करून बघणं ठीक होतं, माणूस आहे, शंका येते. पण मी पुन्हा लॅपटॉपपाशी गेलो आणि वीस टक्के करून पुन्हा फोन लावला. एकदा योगायोग असेल, म्हणून. दुसऱ्यांदाही तेच झालं. आजारी माणसाला दोन वेळा ताप चढवून मी खात्री करून घेतली.

६

ठरवलं, पंचवीस नंबर आज वापरायचा नाही. यादीतून ती ओळ काढून टाकायलाही हात धजेना. काढली तर तिकडे काय होईल? नुसती शून्यावर ठेवली. शेवटच्या प्रवेशासाठी दोन एलईडींचा लाल-पिवळा एकत्र करून त्याच्या आसपासचा रंग बनवला. प्रयोग संपला की रात्रीच्याच गाडीने हरसूल, अगदी सोमवारचीही वाट बघायची नाही, असं मनाशी पक्कं केलं.

हॉल भरला. तिसरी घंटा झाली. मी शेवटच्या रांगेच्या मागे लॅपटॉप घेऊन, शेजारी वाल्मीक नखं खात उभा. पहिला अंक छान गेला. दुसराही. सव्वासहाच्या सुमारास शेवटचा प्रवेश आला. सायली डाव्या कोपऱ्यात येऊन दाराशी थांबली आणि मी माझा बनवलेला रंग तिच्यावर सोडला.

मेलेला चेहरा. रोगट, सपाट.

"आपला लाईट कुठाय?" वाल्मीक कानाशी कुजबुजला.

"बिघडलाय."

"बिघडलाय काय? यादीत तर दिसतोय. दिनेश, वर्षभराची मेहनत आहे रे! चार मिनिटं फक्त!"

हे सगळं मी वाल्मीकवर ढकलू शकलो असतो. लोकांना इतकी वर्षं तसंच सांगितलं. पण त्याला माउसला हात लावता येत नव्हता. मी नाही म्हणून उभा राहिलो असतो तर त्याने काय केलं असतं? शिव्या घातल्या असत्या, एवढंच. खरं ते सांगतो. मलाच तो चेहरा त्या उजेडात बघायचा होता. आठशे माणसांनी तो बघावा आणि हा कुणी केला म्हणून विचारावं, असं मला वाटलं. चार मिनिटांनी काय होतंय, सकाळी उतरला तसा उतरेल, असं म्हणून मी पंचवीस नंबर पूर्णवर नेला.

हॉलमध्ये कुणीतरी श्वास आत ओढला, तो मला मागे ऐकू आला. सायलीचा चेहरा पेटल्यासारखा उजळला.

एकोणचाळीस. चाळीस. एक मिनिट झालं. एकेचाळीस.

मग तिच्या पांढऱ्या पातळावर सावली पडली. आधी वाटलं, पडदा हलला. सावली वर सरकत तिच्या खांद्याशी येऊन थांबली. पाच बोटं. पसरलेला पंजा, उजेडाच्या अगदी समोर धरलेला. सायलीने पापणीसुद्धा हलवली नाही, तिला वाटलं मीच काहीतरी केलंय. वाल्मीक म्हणाला, "अरे वा!"

मी हात मागितला नव्हता. त्या पंजाला काय हवंय, ते मात्र हॉलमध्ये मला एकट्यालाच कळत होतं. एक शब्द. 'बस'. मी तोंड उघडलं. पुढच्या आठशे माणसांच्या माना दिसत होत्या, एवढी शांतता की पंख्याची करकर ऐकू येत होती. त्या शांततेत ओरडायची मला लाज वाटली. माउसवर बोट होतं, तेही हललं नाही. तो पंजा थरथरत होता, पण खाली जात नव्हता.

बेचाळीस.

आणि ओळ गेली. यादी चोवीसवर थांबली. स्टेजवर गच्च काळोख झाला, माझा बनवलेला रंगही मी आधीच काढून टाकला होता. मग टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, तो काळोख नाटकातलाच आहे. परीक्षकांनाही तसंच वाटलं. प्रकाशयोजनेचं पहिलं बक्षीस मला त्या काळोखाचं मिळालं. ते नाकारायची हिंमतही मला झाली नाही.

७

पुंजाचा फोन त्या रात्री लागला नाही. सकाळी पहिल्या एसटीने हरसूल गाठलं, तिथून जीपने पाड्यावर गेलो. चौदा वर्षांत पहिल्यांदा. त्याचं घर कोणतं, हे विचारावं लागलं नाही, अंगणात माणसं बसली होती.

वत्सलाबाई ओट्यावर होत्या. मला पाहून उठायला लागल्या, मी बसा बसा म्हणालो.

"काल दिवस बुडताना," त्या म्हणाल्या. "सकाळी तुमचा फोन आलता ना, तवा बरं व्हतं. सांच्याला एकदम चढला. अंगाला हात लाववंना."

मला काहीतरी बोलायचं होतं. तुमच्या नवऱ्याला मी मारला, हे कुठल्या भाषेत सांगतात? आणि सांगितलं असतं तर बिचारीने ते कुठे ठेवलं असतं?

"पर लय खुशीत व्हते शेठ," त्या म्हणाल्या. "ह्ये पंधरा दिस. ताप उतरला का म्हणायचे, आज चांगलं काम झालं. म्या म्हणायची, खाटंवर तर पडून हायेत, कुठं गेलते कामाला? नुसते हसायचे."

अंगणातला एक म्हातारा, पुंजाचा चुलतभाऊ धोंडीराम, विडी विझवत म्हणाला, "पावसाळ्यापून आमी चिडवायचो त्याला. शेठनं हाकललं तुला, आता कायचा बोलावतोय म्हणून. लय चिडायचा आमच्यावर."

वत्सलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"शेठ, तुमी त्यांना बोलावणार व्हते ना?"

"हो," मी म्हटलं.

त्या अंगणातल्या माणसांकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आयकलं का? बोलावणार व्हते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.